रोज बोलूनही परके का वाटते? दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या जवळिकीविषयी

नोकरी, शिक्षण, सैन्यातली किंवा जहाजावरची सेवा, घरातल्या कुणाचे लांबलेले आजारपण अशा कारणांनी वेगवेगळ्या गावांत किंवा देशांत राहणारी जोडपी पूर्वीही होती. त्यांना पत्राची वाट पाहावी लागे; आता फोन खिशात असतो, आणि त्यामुळे संपर्क कसा ठेवायचा हा प्रश्न जवळजवळ संपला आहे. त्याच्या जागी आलेला प्रश्न मात्र अधिक बुचकळ्यात पाडणारा आहे. आम्ही दिवसातून दोनदा बोलतो, एकमेकांचे चेहरे पाहतो, भांडणही फारसे होत नाही, आणि तरीही फोन ठेवल्यावर एखाद्या ओळखीच्या माणसाशी सभ्यपणे बोलून झाल्यासारखे का वाटते?

प्रेम आटले, असा निष्कर्ष अशा वेळी फार लवकर काढला जातो आणि माझ्या मते तो बहुधा चुकीचा असतो. आटलेली असते ती एकमेकांविषयीची ताजी माहिती. संपर्क वाढला की जवळीक आपोआप वाढेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात संपर्क भरपूर असूनही जवळीक रोडावत जाऊ शकते. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी जवळीक कशी तयार होते ते पाहावे लागेल.

## जवळीक तयार कशी होते?

मानसशास्त्रज्ञ हॅरी राइस आणि फिलिप शेव्हर यांनी १९८८ मध्ये मांडलेली एक कल्पना या विषयाच्या अभ्यासात आजही पायाभूत मानली जाते. त्यांच्या म्हणण्यानुसार जवळीक ही दोन माणसांमधली एक देवघेव आहे. एकजण आपल्या मनातले काहीतरी उघड करतो, दुसरा त्याला प्रतिसाद देतो, आणि त्या प्रतिसादातून पहिल्याला असे जाणवते की माझे म्हणणे याला समजले, पटो वा न पटो याने त्याची कदर केली आणि हा माझ्या बाजूचा आहे. या जाणिवेला आपण या लेखापुरते ‘दखल’ म्हणू. दुसऱ्याने मनातल्या मनात दखल घेतली एवढ्याने काम होत नाही. पहिल्यापर्यंत ती पोहोचावी लागते.

एका घरात राहणाऱ्यांची अर्धीअधिक दखल शब्दांवाचून घेतली जाते. एकजण बाहेरून येतो, पिशवी जरा जोरात खाली टाकतो, आणि दुसरा काही न विचारता टीव्हीचा आवाज कमी करतो. एवढ्यात उघड करणेही झाले आणि दखलही झाली. दूर राहणाऱ्यांना हाच व्यवहार पूर्णपणे शब्दांतून करावा लागतो. आजचा दिवस वाईट गेला हे पिशवीच्या आवाजातून कळत नाही. ते म्हणावे लागते, आणि ऐकणाऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला तरी तो बोलणाऱ्याला दिसत नाही.

## ‘काही विशेष नाही’

दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या फोनवर सर्वाधिक वेळा येणारे वाक्य कोणते असेल, तर ‘काय चाललंय?’ याचे उत्तर म्हणून येणारे ‘काही विशेष नाही’. हे उत्तर खोटे नसते. दिवसभरात सांगण्यासारखे खरोखर काही घडलेले नसते. पण आपण ‘सांगण्यासारखे’ याची व्याख्या बातमीसारखी करतो: बढती, आजारपण, भांडण, प्रवास. बातमी पाहुण्यालाही सांगता येते. सोबत राहणाऱ्या माणसाकडे असतो तो त्याच्या पलीकडचा ऐवज: कोणता सहकारी कोणत्या सुरात बोलला की याचा चेहरा पडतो, कोणत्या पायरीवर हा रोज अडखळतो, सध्या कोणते गाणे दिवसभर गुणगुणतो.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आम्हा दोघांना दीड वर्ष वेगळे राहावे लागले होते. तिकडच्या खोलीतला पंखा ठरावीक लयीत कुरकुरत असे आणि प्रत्येक संभाषणाच्या मागे ती कुरकुर असायचीच. एका रात्री बोलता बोलता माझ्या लक्षात आले की ती ऐकू येत नाही. मी विचारले, “आज पंखा बंद आहे का?” पलीकडून उत्तर आले, “तो? तो तर दोन महिन्यांपूर्वीच बदलला.” एवढीशी गोष्ट, पण ती मला बराच वेळ टोचत राहिली. दोन महिने मी ज्या खोलीशी बोलत होतो ती खोली अस्तित्वातच नव्हती.

दुराव्याची सुरुवात अशी होते. आपल्या डोक्यात जोडीदाराचा एक नकाशा असतो. सोबत राहताना तो रोज नकळत दुरुस्त होत जातो. दूर राहताना तो निघतानाच्या तारखेला थांबतो. सहा महिन्यांनी आपण त्या जुन्या नकाशावरून रस्ता शोधू लागतो आणि चुकतो: जुन्या आवडीची भेट पाठवतो, सुटून गेलेल्या चिंतेवर धीर देतो, आणि नव्याने सुरू झालेल्या चिंतेचा आपल्याला पत्ताच नसतो. पलीकडच्याला जाणवते ते एवढेच, की हा मला ओळखत होता.

यावरचा उपाय साधा, म्हणूनच दुर्लक्षित आहे. दिवसाचा गोषवारा सांगण्याऐवजी दिवसातला एक तुकडा जसाच्या तसा सांगावा. ‘मीटिंग कंटाळवाणी झाली’ हा गोषवारा झाला; ‘साहेब बोलत असताना मी वहीच्या कडेला सतरा त्रिकोण काढले’ हा तुकडा झाला. पहिल्यावर ‘अच्छा’ म्हणून थांबावे लागते, दुसऱ्यावर काहीतरी विचारता येते. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा फोटो, तुटलेल्या चपलेचा फोटो, रस्त्यावर ऐकलेल्या वाक्याची वीस सेकंदांची ध्वनिफीत या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण नकाशा दुरुस्त होतो तो त्यांनीच.

आनंदाच्या बातमीबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की आपल्या चांगल्या बातमीला जोडीदार उत्साहाने आणि रस घेऊन प्रतिसाद देतो असे ज्यांना वाटते, त्यांचे नाते अधिक समाधानाचे असते. दुःखात साथ देण्याचे महत्त्व सगळेच जाणतात. दुसऱ्याच्या आनंदात चार प्रश्न विचारण्याचे महत्त्व कमी लोक जाणतात. दुपारी आलेल्या आनंदाच्या बातमीला कामाच्या धबडग्यात हसरा चेहरा पाठवून आपण मोकळे होतो, आणि ती बातमी तिथेच विझते. त्या वेळी शक्य नसेल तर रात्री स्वतःहून तो विषय काढावा आणि ‘आता सगळे पहिल्यापासून सांग’ म्हणावे.

## चेहरा दिसतो, मग अडते कुठे?

व्हिडिओ कॉलमुळे समोरासमोर बसल्यासारखेच होते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. माणसे बोलताना एकमेकांच्या वाक्यांत फार थोडी जागा सोडतात. दहा भाषांमधील संभाषणांची तुलना करणाऱ्या २००९ मधील एका अभ्यासानुसार, एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या एक पंचमांश भागाचे अंतर असते. भाषा बदलली की हा आकडा थोडाफार हलतो, पण फार नाही. कॉलवर आवाज पोहोचायला लागणारा वेळ या अंतरात मिसळतो. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होते. आपला मेंदू या उशिराचे खापर यंत्रावर फोडत नाही, तो ते माणसावर फोडतो. ‘माझ्यावर प्रेम आहे ना?’ या प्रश्नानंतर पडलेला एका सेकंदाचा खंड नेटवर्कचा असू शकतो. काळजात मात्र तो वेगळ्याच अर्थाने उतरतो.

नजरेचीही अशीच गफलत होते. आपण पडद्यावरच्या डोळ्यांकडे पाहतो आणि कॅमेरा असतो त्याच्या वर. त्यामुळे दोघेही एकमेकांकडे पाहत असतात आणि दोघांनाही समोरचा किंचित खाली पाहतो आहे असे दिसते. मनातले अवघड काही बोलायचे असेल तेव्हा नुसता आवाजाचा फोन अनेकांना सोपा जातो. चेहरा दिसत नसल्याने सगळे लक्ष आवाजातल्या कंपाकडे जाते आणि बोलणाऱ्याला स्वतःचा चेहरा सांभाळावा लागत नाही. लिखित संदेशात सूरच नसतो. म्हणून रुसवेफुगवे तिथे वाढवू नयेत, उचलून सरळ फोन करावा.

याउलट व्हिडिओ कॉलचा एक उपयोग फारसा कुणी करत नाही: न बोलण्यासाठी. कॉल सुरू ठेवून दोघांनी आपापले काम करावे, एकाने कपड्यांच्या घड्या घालाव्यात, दुसऱ्याने वाचावे, मध्येच एखादे वाक्य यावे. ठरवून बोलायला बसले की बोलण्याचे दडपण येते आणि पुन्हा ‘काही विशेष नाही’ येते. सोबत असण्यात बोलण्याची सक्ती नसते.

वेळेतल्या फरकाचा एक परिणामही इथेच नोंदवायला हवा. एकाची सकाळ ही दुसऱ्याची रात्र असेल आणि फोन नेहमी त्याच वेळी होत असेल, तर एकाला रोज दुसऱ्याचा सर्वांत थकलेला तास वाट्याला येतो. महिनोन्‌महिने असे झाले की ‘हा हल्ली कायम चिडचिडा असतो’ असे मत तयार होते, आणि त्याची सकाळ कधी पाहिलेलीच नसते. सुट्टीच्या दिवशी वेळ उलटी करून पाहावी.

## स्पर्शाचे काय?

इथे खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. स्पर्शाला पर्याय नाही. जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता आहे असे सांगून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले गेले. पतीचा हात हातात असताना धोक्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद कमी झाला. परक्याच्या हाताने तो तेवढा कमी झाला नाही. आणि ज्यांचे वैवाहिक नाते अधिक चांगले होते त्यांच्या बाबतीत पतीच्या हाताचा परिणाम अधिक ठळक होता. फोनवरचा धीराचा शब्द हे काम पूर्णपणे करू शकत नाही, म्हणून स्पर्शाची उणीव जाणवणे हे कमकुवतपणाचे लक्षण मानू नये. ‘तुझी आठवण येते’ याऐवजी ‘आज पाठीवर हात हवा होता’ असे नेमके सांगितले तर निदान ती उणीव दोघांची होते. वापरलेला शर्ट किंवा ओढणी सोबत नेण्याची जुनी युक्तीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गंधाला आठवण जागवायला फारसे निमित्त लागत नाही.

लैंगिक जवळिकीबद्दल अनेक जोडपी दूर गेल्यावर बोलणेच सोडून देतात. इच्छा असते, पण ती शब्दांत आणायची सवय नसते. सोबत असताना शरीर बोलत होते आणि शब्दांची गरज पडली नव्हती. सुरुवात वर्णनांपासून करण्याची आवश्यकता नाही. मागच्या भेटीतले काय आठवते, पुढच्या भेटीत काय हवेसे वाटते, एवढे बोलणेही ओढ जागी ठेवते. त्यापुढे फोनवर किंवा पडद्यासमोर जायचे की नाही हे दोघांनी मोकळेपणी ठरवावे, आणि काल दिलेला होकार आजचा मानू नये. फोटो आणि चित्रफितींच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे: पाठवलेली गोष्ट आपल्या हातून सुटते. ती दुसऱ्याच्या फोनमध्ये, त्याच्या साठवणीच्या खात्यात, फोन चोरीला गेल्यास आणखी कुणाकडे राहू शकते. पाठवायचेच असेल तर चेहरा आणि ओळख पटवणाऱ्या खुणा वगळाव्यात. ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ असे म्हणून फोटो मागितला जात असेल, तर तिथे विश्वासाचा मुद्दा मागणाऱ्याच्या बाजूने तपासावा लागेल.

## भांडत नाही, हे चांगलेच ना?

दूर राहणारी जोडपी वरचेवर अभिमानाने सांगतात की आमचे भांडणच होत नाही. वेळ थोडा, तो कशाला खराब करायचा, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्यातून नकळत एक सवय लागते: फोनवर दोघेही आपली नीटनेटकी आवृत्ती पाठवू लागतात, पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या दिवाणखान्यासारखी. पसारा आतल्या खोलीत ढकललेला असतो आणि पलीकडच्याला घर फार टापटीप आहे असे वाटते.

या नीटनेटकेपणाची एक बाजू खरोखर उपयोगी आहे. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६३ जोडप्यांनी आठवडाभर आपल्या संवादाच्या नोंदी ठेवल्या. दूर राहणाऱ्यांना जवळ राहणाऱ्यांपेक्षा कमी जवळीक वाटत असेल ही सर्वसाधारण अपेक्षा त्यात खोटी ठरली. त्यांना ती अधिक वाटत होती. ती माणसे मनातले अधिक उघड करत होती, आणि जोडीदाराच्या वागण्याकडे अधिक उदार नजरेने पाहत होती. या उदार नजरेला अभ्यासक आदर्शीकरण म्हणतात: समोरच्याविषयी जेवढे ठाऊक नाही तेवढी जागा चांगल्या रंगाने भरणे. म्हणजे अंतर हे स्वतःच जवळिकीचे शत्रू नाही; काही काळ ते तिचे खतपाणीही होते. मात्र रंगाने भरलेली जागा आणि खरी ओळख यांतला फरक भेटीच्या दिवशी उघडा पडतो. म्हणून ज्या तक्रारीने दोन दिवस झोप लागली नाही, ती ‘उगाच कशाला’ म्हणून गिळू नये. फक्त ती निरोपाच्या शेवटच्या पाच मिनिटांत काढू नये, कारण फोन ठेवल्यानंतर समजूत काढायला कुणी शेजारी नसते.

## दृष्टीआड सृष्टी: संशय आला तर?

दृष्टीआड काय चालले आहे ते कळत नसेल तर मन कल्पना करणारच. यावर हल्ली निघालेला तोडगा म्हणजे एकमेकांचे ठिकाण फोनवर सतत पाहणे, ‘शेवटचे कधी ऑनलाइन होता’ ते तपासणे. यातून माहिती मिळते, दखल मिळत नाही. रात्री साडेअकराला ती कुठे होती हे नकाशावरचा ठिपका सांगतो. ती तिथे का गेली, कंटाळली की रमली, हे सांगत नाही, आणि संशय नेमका त्या मोकळ्या जागेत वाढतो. शिवाय ठिपका पाहणाऱ्याला विचारण्याची गरज उरत नाही आणि सांगणाऱ्याला सांगण्याची. नवे मित्र, नवे सहकारी यांची नावे आपणहून संभाषणात येत राहणे हा कितीतरी अधिक भरवशाचा उपाय आहे. सहा महिने उल्लेख नसलेले नाव एकदम ऐकू आले की निष्पाप मैत्रीही लपवाछपवीसारखी भासते.

इथे एक विषमता मात्र लक्षात घ्यावी लागते. जो दूर गेला त्याच्याभोवती नवे शहर, नवे काम, नवी माणसे असतात. जो मागे राहिला त्याच्याभोवती तीच जागा असते आणि त्यातली एक खुर्ची रिकामी असते. पहिल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, दुसऱ्याकडे ‘काही विशेष नाही’ असते. गेलेला उत्साहाने सांगत सुटला की राहिलेल्याला आपण मागे पडल्यासारखे वाटते; त्याने संकोचून सांगणे थांबवले तर लपवल्यासारखे वाटते. याला तयार उत्तर नाही. गेलेल्याने सांगण्याआधी विचारावे आणि राहिलेल्याच्या नेहमीच्या दिवसातले तपशील लक्षात ठेवावेत, एवढे तरी करता येते.

## भेटल्यावर सगळे पूर्ववत होते ना?

लगेच नाही. भेटीचा पहिला दिवस अवघडलेला जाणे अगदी नेहमीचे आहे. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो; पलंगाची कोणती बाजू कुणाची हेही पुन्हा ठरवावे लागते. भेट मोजक्या दिवसांची असेल तर प्रत्येक तास संस्मरणीय करण्याच्या नादात दोघे थकतात. एक दुपार काहीही न ठरवता राहू द्यावी, बिले भरावीत, कपाट आवरावे. फोनवर न मिळणारी गोष्ट तीच आहे.

कायमचे एकत्र येणे हा तर वेगळाच टप्पा आहे. लॉरा स्टॅफर्ड, अँडी मेरोला आणि जेनेसा कॅसल यांनी अमेरिकेतील विद्यार्थी जोडप्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दूर राहून मग एका ठिकाणी आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडपी तीन महिन्यांच्या आत वेगळी झाली. अविवाहित तरुणांचा हा आकडा सरसकट सर्वांना लावता येणार नाही, पण त्यांनी सांगितलेले बदल ओळखीचे वाटतील असे आहेत: स्वतःचा वेळ गेला, भेटीची अपूर्वाई गेली, जोडीदाराचे आधी न दिसलेले दोष दिसू लागले. आतल्या खोलीतला पसारा एकदम बाहेर आला, असे म्हणता येईल. म्हणून एकत्र येताना स्वतंत्र वेळाविषयी आधीच बोलून घेणे, आणि पहिल्या काही महिन्यांकडे नव्याने ओळख करून घेण्याचा काळ म्हणून पाहणे शहाणपणाचे ठरते.

## हे किती दिवस?

बाकी सगळे नीट केले आणि या प्रश्नाला उत्तर नसले, तर उमेद टिकत नाही. कॅथरिन मॅग्वायर यांच्या २००७ मधील अभ्यासात, आपण पुढे एकाच ठिकाणी राहणार आहोत याची खात्री असलेली माणसे खात्री नसलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आणि कमी त्रस्त आढळली. अंतर तेवढेच असते. त्याला शेवट आहे की नाही, यावर ते पेलवणे ठरते. बस किती वाजता येणार हे माहीत असले की अर्धा तास उभे राहणे जमते. माहीत नसले की दहाव्या मिनिटाला पाय दुखू लागतात.

नेमकी तारीख अनेकदा आपल्या हातात नसते. बदली कुणी दुसरा करतो, परवाना कुठल्या तरी कार्यालयात अडकलेला असतो. अशा वेळी निदान दोन गोष्टी ठरवता येतात: पुढची भेट कधी, आणि एकत्र राहण्याचा निर्णय पुन्हा कोणत्या महिन्यात बोलायचा. दुसरी अधिक अवघड असते, कारण त्यात कुणाची नोकरी सुटणार, कुणी आपले गाव सोडणार हे उघडपणे मांडावे लागते आणि ते टाळण्याकडेच दोघांचा कल असतो. आम्ही तो महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता, दोन्ही घरांत एकाच रंगाच्या पेनने. तो दोनदा खोडून पुढे ढकलावा लागला. तिसऱ्यांदा लिहिताना मात्र पलीकडच्या खोलीतला नवा पंखा कोणत्या रंगाचा आहे, हे मला ठाऊक होते.